चुंबकाभोवतीच्या बलरेषांची दिशा: सुई, कागद आणि पेन्सिल घेऊन स्वतः कशी शोधायची

"बलरेषा उत्तर ध्रुवातून निघतात आणि दक्षिण ध्रुवाला मिळतात." हे वाक्य शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. ते चूक नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं न कळल्यामुळे पुढे फार गोंधळ होतो. चुंबकाच्या आत काय होतं? छिद्र असलेल्या चुंबकाच्या छिद्रात बाण कुठे जातो? दक्षिण ध्रुवाच्या मागे सुई कुठे तोंड करते? या प्रश्नांना पाठ केलेलं वाक्य पुरत नाही. एक छोटं होकायंत्र आणि दोन तासांचा निवांत वेळ मात्र पुरतो. चुंबकावरच्या अक्षरांपेक्षा आणि पुस्तकातल्या चित्रांपेक्षा सुईवर विश्वास ठेवायचा, एवढं एकच सूत्र या लेखात शेवटपर्यंत धरून ठेवलं आहे.

दिशा म्हणजे नेमकी कोणाची दिशा?

एखाद्या ठिकाणी मोकळी फिरणारी चुंबकसुई ठेवली आणि ती स्थिरावली, की तिचं उत्तर टोक ज्या बाजूला राहतं ती त्या ठिकाणच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा. व्याख्या इतकीच. बलरेषा म्हणजे अशा असंख्य छोट्या बाणांना जोडत काढलेली वक्ररेषा. तिच्यावरच्या कोणत्याही बिंदूला स्पर्शिका काढली, तर ती तिथल्या सुईच्या दिशेशी जुळते.

ही दिशा म्हणजे आपण ठरवलेला संकेत आहे. सुईचं दक्षिण टोक प्रमाण मानलं असतं तर सगळे बाण उलटे झाले असते आणि निसर्गात काहीच बदललं नसतं. बलरेषेतून काहीतरी वाहत असतं, हा समजही सोडून द्यायला हवा. सुई वळते, ती रेषेवरून प्रवास करत नाही.

सुईचं "उत्तर टोक" म्हणजे भौगोलिक उत्तरेकडे वळणारं टोक. विजातीय ध्रुवांमध्येच आकर्षण असतं, त्यामुळे पृथ्वीच्या उत्तरेकडे असलेला चुंबकीय ध्रुव गुणधर्माने दक्षिण ध्रुव ठरतो. हे पहिल्यांदा वाचताना विचित्र वाटतं, पण इथे घोळ फक्त नावांचा आहे. पृथ्वीच स्वतः एक मोठा चुंबक आहे, हे विल्यम गिल्बर्टने १६०० साली मांडलं. त्याआधी कितीतरी शतकं सुईच्या टोकांना दिशांवरून ओळखलं जात होतं.

काय काय लागेल

साधारण १० सेंटिमीटर लांबीचा एक पट्टी चुंबक, शक्यतो असे दोन. दीड-दोन सेंटिमीटर व्यासाचं छोटं होकायंत्र. मोठं होकायंत्र इथे कामाचं नाही, कारण त्याची लांब सुई वक्ररेषेचे बारकावे गिळून टाकते. मोठा पांढरा कागद, टोक केलेली पेन्सिल, दोरा, थोडा लोहकीस, जाड पुठ्ठा. जमलं तर नाण्याएवढा एक नियोडिमियमचा (छोटा पण फार जोरदार) चकती चुंबक आणि एक सपाट कंकणाकृती चुंबक.

टेबल लाकडी हवं, आणि त्याच्या पायात किंवा खणात लोखंडी पट्टी नाही ना, हे पाहून घ्या. फोन, स्पीकर, पोलादी कात्री, मोजपट्टीची लोखंडी कड हे सगळं किमान अर्धा मीटर दूर ठेवा. टेबल निर्दोष आहे का हे तपासायचं असेल, तर चुंबक बाजूला ठेवून होकायंत्र कागदावर सगळीकडे फिरवा. सुईची दिशा कुठे बदलली तर त्या जागेखाली लोखंड आहे.

नियोडिमियमच्या चुंबकांबाबत दोन गोष्टी गांभीर्याने घ्या. दोन चुंबक एकमेकांकडे झेपावतात आणि मध्ये बोट सापडलं तर चिमटा जोरात बसतो. लहान मुलांच्या हाती ते लागू देऊ नका, कारण एकापेक्षा जास्त चुंबक गिळले गेले तर आतड्याच्या भिंती त्यांच्यामध्ये पकडल्या जातात आणि जिवावर बेतू शकतं. ज्यांच्या हृदयात पेसमेकर बसवला आहे त्यांनी हे चुंबक छातीजवळ नेऊ नयेत.

पायरी १: आधी सुईची परीक्षा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि पुढे सगळं उलटं येतं तेव्हा दोष चुंबकाला देतात. होकायंत्राची सुई हीसुद्धा एक बारीक चुंबकच आहे. जोरदार चुंबकाजवळ ती नेली, विशेषतः ती अडकून राहिली आणि वळू शकली नाही, तर तिचं चुंबकन उलटू शकतं. मग लाल टोक दक्षिण दाखवू लागतं. असं उलटलेलं होकायंत्र वापरून मी एकदा पूर्ण नकाशा काढला होता. आकार अगदी सुबक आला आणि बाण मात्र एकूण एक उलटे. तेव्हापासून सुई तपासल्याशिवाय मी पेन्सिल हातात घेत नाही.

तपासणी सोपी आहे. सकाळी उगवत्या सूर्याकडे उजवा हात करून उभं राहा. तुमचं तोंड साधारण उत्तरेकडे असेल. चुंबक दूर ठेवून होकायंत्र आडवं धरा. खुणेचं टोक तुमच्या समोर वळलं तर सुई ठीक आहे. चुंबकीय उत्तर आणि भौगोलिक उत्तर यांत काही अंशांचा फरक असतो, पण आपल्याला इथे फक्त टोकं उलटी नाहीत ना हे पाहायचं आहे.

सुई उलटली असेल तर होकायंत्र टाकून द्यायची गरज नाही. काच काढता येत असेल तर सुई बाहेर घ्या आणि चुंबकाचा उत्तर ध्रुव तिच्यावरून एकाच दिशेने, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, दहा-बारा वेळा घासा. घासणारा ध्रुव ज्या टोकावरून उचलला जातो ते टोक विरुद्ध ध्रुव बनतं. म्हणजे उत्तर ध्रुव घासलात तर उचलण्याचं टोक दक्षिण होईल.

पायरी २: चुंबकाचे ध्रुव ओळखणं

रंगावर जाऊ नका. लाल म्हणजे उत्तर ही पद्धत पुष्कळ ठिकाणी दिसते, पण ती सगळीकडे पाळली जात नाही. छापलेली अक्षरंही कधी कधी चुकीची असतात.

पट्टी चुंबकाच्या मध्यभागी दोरा बांधून तो आडवा टांगा. दोऱ्याचा पीळ आधी निघून जाऊ द्या. चुंबक डोलत डोलत दक्षिणोत्तर स्थिरावेल. उत्तरेकडचं टोक तो उत्तर ध्रुव. घाई असेल तर होकायंत्र चुंबकाच्या एका टोकासमोर आणा. सुईचं उत्तर टोक चुंबकाकडे वळलं तर ते टोक दक्षिण ध्रुव, आणि सुईने पाठ फिरवली तर उत्तर ध्रुव. होकायंत्र दूरून हळूहळू जवळ आणा, एकदम टेकवू नका.

चकती आणि कंकणाकृती चुंबकांचे ध्रुव बहुतेक वेळा दोन सपाट बाजूंवर असतात, कडांवर नसतात. पातळ, लवचीक, चिकटवायच्या चुंबकपट्ट्यांमध्ये तर एकाच पृष्ठभागावर उत्तर-दक्षिण-उत्तर-दक्षिण असे अरुंद पट्टे आलटून पालटून असतात. सुरुवातीच्या सरावाला त्या घेऊ नका.

पायरी ३: पहिली बलरेषा

कागद टेबलावर चिकटवा. होकायंत्राने चुंबकीय दक्षिणोत्तर दिशा शोधून तशी एक फिकी रेषा आखा. चुंबक कागदाच्या मधोमध, या रेषेवर ठेवा, उत्तर ध्रुव उत्तरेकडे करून. चुंबकाची बाह्याकृती पेन्सिलीने काढा आणि ध्रुव लिहून ठेवा. चुंबक नकळत सरकला तर तो परत जागेवर ठेवायला ही आकृती उपयोगी पडते.

होकायंत्र उत्तर ध्रुवाच्या कोपऱ्याशी ठेवा, हलकेच टिचकी मारा म्हणजे सुई टेकणीवर अडकलेली असेल तर सुटेल. सुईच्या दोन्ही टोकांसमोर कागदावर एकेक ठिपका द्या. आता होकायंत्र पुढे सरकवा, असं की सुईचं दक्षिण टोक मघाच्या पुढच्या ठिपक्यावर येईल. उत्तर टोकासमोर नवा ठिपका. पुन्हा सरकवा. असं करत एकतर तुम्ही दक्षिण ध्रुवाशी येऊन पोचाल, नाहीतर कागदाच्या कडेला.

ठिपके जोडताना पट्टी वापरू नका, हाताने सलग वक्ररेषा काढा. बाण सुईच्या उत्तर टोकाच्या दिशेने द्या, आणि हा बाण काढताना पुन्हा एकदा सुईकडे बघा. सवयीने दिलेला बाण आणि पाहून दिलेला बाण यांत फरक आहे.

उत्तर ध्रुवाच्या वेगवेगळ्या जागांपासून सुरुवात करून आठ-दहा रेषा काढा. टोकाच्या अगदी मध्यावरून निघालेली रेषा सरळ पुढे जाईल आणि कागदाबाहेर पडेल. ती परत का आली नाही याची काळजी करू नका. दूरवर पृथ्वीचं क्षेत्र वरचढ ठरतं आणि रेषा त्यात मिसळून जाते. कडेच्या रेषा मात्र वळून दक्षिण ध्रुवाशी येतील.

दोन रेषा एकमेकींना छेदत आहेत असं दिसलं तर कुठेतरी ठिपका चुकला आहे. छेदबिंदूवर सुई ठेवली तर तिने कोणत्या रेषेचं ऐकायचं? एका जागी एकच दिशा असू शकते, म्हणून रेषा छेदत नाहीत.

ठिपक्यांची ही युक्ती फार जुनी आहे. १२६९ साली पिएर द मारिकूर, ज्याला पेट्रस पेरेग्रिनस म्हणतात, त्याने लोहचुंबकाच्या दगडाचा गोळा घडवला, त्यावर सुई ठेवून तिच्या दिशेने रेघ ओढली, सुई दुसरीकडे ठेवून पुन्हा रेघ ओढली. सगळ्या रेघा समोरासमोरच्या दोन बिंदूंना जाऊन मिळाल्या. त्या बिंदूंना त्याने ध्रुव म्हटलं. आजही आपण तेच करतो, फक्त गोळ्याऐवजी कागदावर.

पायरी ४: चार जागा, आणि खरा उलगडा

आता होकायंत्र फक्त चार जागी ठेवायचं आहे. उत्तर ध्रुवासमोर, दक्षिण ध्रुवामागे, आणि चुंबकाच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना, चुंबकापासून पाच-सहा सेंटिमीटरवर. प्रत्येक ठिकाणी बाण काढा.

उत्तर ध्रुवासमोरचा बाण चुंबकापासून दूर जातो. दक्षिण ध्रुवामागचा बाण चुंबकाकडे येतो. "दूर" आणि "कडे" हे शब्द विरुद्ध आहेत, म्हणून दिशाही विरुद्ध असणार असं वाटतं. पण कागदाकडे नीट बघा. दोन्ही बाण एकाच दिशेला आहेत! चुंबकाच्या अक्षावर, म्हणजे दोन्ही ध्रुवांमधून जाणाऱ्या सरळ रेषेवर, दोन्ही टोकांच्या पलीकडे, सुई एकाच बाजूला तोंड करते. उलट्या दिशेचे बाण मिळतात ते फक्त बाजूंना. तिथे सुई चुंबकाला समांतर पण उलटी असते, उत्तर ध्रुवाच्या बाजूकडून दक्षिण ध्रुवाच्या बाजूकडे.

हे चार बाण काही काळ नुसते बघत राहा. मागून एक बाण चुंबकात शिरतो, पुढून त्याच दिशेने बाहेर पडतो, आणि बाजूंनी मागे परततो. मध्ये चुंबकाच्या आत काय होत असेल, हे कागद जवळजवळ सांगूनच टाकतो.

पायरी ५: चुंबकाच्या आत डोकावणं

चुंबकात सुई खुपसता येत नाही. चुंबक कापला तर दोन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचे दोन्ही ध्रुव मिळतात. पण नेमकी हीच गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. दोन पट्टी चुंबक एका ओळीत ठेवा, पहिल्याचा उत्तर ध्रुव दुसऱ्याच्या दक्षिण ध्रुवासमोर, मध्ये होकायंत्र मावेल एवढी फट ठेवून. चुंबक चिकटपट्टीने पक्के करा, नाहीतर ते एकमेकांकडे धावतील. हा एकच लांब चुंबक आहे आणि त्याला मध्ये खिडकी पाडली आहे असं समजा.

फटीतली सुई बघा. ती पहिल्याच्या उत्तर ध्रुवाकडून दुसऱ्याच्या दक्षिण ध्रुवाकडे रोखलेली असेल. आता पूर्ण जोडीचा विचार करा. जोडीचं एक लांबचं टोक दक्षिण आहे आणि दुसरं उत्तर. खिडकीतला बाण दक्षिण टोकाकडून उत्तर टोकाकडे जातो. फट कमी कमी करत नेली तरी बाण बदलत नाही. फट मिटते तेव्हा तो बाण चुंबकाच्या आतला होतो.

म्हणून पूर्ण वाक्य असं: चुंबकाबाहेर बलरेषा उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे जातात, चुंबकाच्या आत दक्षिणेकडून उत्तरेकडे, आणि प्रत्येक रेषा हा बंद फेरा असतो. ती कुठे सुरू होत नाही की संपत नाही. उत्तर ध्रुव म्हणजे रेषांचा उगम नव्हे, ते फक्त बाहेर पडण्याचं दार आहे.

तारेच्या वेटोळ्यात हे आणखी उघडपणे दिसतं. विद्युतप्रवाहाजवळ सुई वळते हे हान्स क्रिस्तियान ओर्स्टेडला १८२० साली आढळलं. लांब, पोकळ वेटोळ्यातून प्रवाह सोडला तर बाहेरचा नकाशा थेट पट्टी चुंबकासारखा येतो, आणि पोकळीत सुई ठेवता येत असल्यामुळे आतला बाणही दिसतो. उजव्या हाताची बोटं प्रवाहाच्या दिशेने वळवली की अंगठा आतल्या बाणाची दिशा दाखवतो, आणि अंगठ्याकडचं टोक उत्तर ध्रुवासारखं वागतं. कायमच्या चुंबकातही अशाच सूक्ष्म प्रवाहांची कल्पना आंद्रे-मारी अँपिअरने मांडली होती. आज आपण त्याचं मूळ अणूंमधल्या इलेक्ट्रॉनांच्या परिभ्रमणात, आणि लोखंडासारख्या पदार्थांत मुख्यतः त्यांच्या स्पिनमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनाच्या अंगच्या चुंबकत्वाला कारण असलेल्या मूलभूत गुणधर्मात, पाहतो.

पुढे अभ्यास करणाऱ्यांसाठी एक खुलासा हवाच. चुंबकाच्या आत बाण उत्तरेकडून दक्षिणेकडे दाखवणारी आकृतीही तुम्हाला भेटेल. ती चुकीची असेलच असं नाही. भौतिकशास्त्रात "बी" आणि "एच" अशी दोन वेगळी क्षेत्रं वापरली जातात. बाहेर हवेत दोघांची दिशा एकच, पण कायमच्या चुंबकाच्या आत "एच" सामान्यतः उलट दिशेला असतं. बंद फेरे "बी"च्या रेषांचे असतात, आणि हा लेख त्यांच्याबद्दल आहे. रेषा कुठेही संपत नाहीत हाच चुंबकीय क्षेत्रासाठीचा गाउसचा नियम. एकटा उत्तर किंवा एकटा दक्षिण ध्रुव सापडला तर हा नियम बदलावा लागेल. असा ध्रुव असणं क्वांटम सिद्धांताशी विसंगत नाही हे पॉल डिरॅकने १९३१ साली दाखवलं, पण आजवर तो खात्रीने कुणालाही सापडलेला नाही.

लोहकीस: देखणा, पण मुका

लोहकिसाचा प्रयोग मी मुद्दाम इतक्या उशिरा आणला आहे. तो आधी दाखवला की मुलांच्या मनात चुकीच्या गोष्टी रुजतात.

चुंबकावर पुठ्ठा ठेवा, उंचावरून लोहकीस विरळ भुरभुरा आणि पुठ्ठ्याला हलक्या टिचक्या मारा. लोखंडाचा प्रत्येक कण तात्पुरता चुंबक बनतो, क्षेत्राच्या दिशेला लांबट वळतो आणि शेजारच्या कणाला डोकं-शेपूट जोडून साखळी करतो. टिचकीमुळे कण क्षणभर उचलला जातो आणि त्याला वळायला मोकळीक मिळते. चुंबक आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, नाहीतर चिकटलेला कीस काढण्यात दिवस जाईल. किसाचे हात डोळ्यांना लावू नका.

चित्र सुरेख येतं, पण त्यात बाण नाही. कणाचं डोकं कोणतं आणि शेपूट कोणती हे दिसत नाही. चुंबक उलटा ठेवला तरी चित्र तेच येईल. शिवाय साखळ्यांमधल्या रिकाम्या जागेत क्षेत्र नाही असं मुळीच नाही. शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना दूर सारतात म्हणून त्या फटी पडतात. तिथे सुई ठेवून बघा, ती तितक्याच ठामपणे वळेल. रेषा किती काढायच्या हे आपण ठरवतो. त्या जिथे दाट तिथे क्षेत्र प्रबळ, एवढाच त्यांच्या दाटीचा अर्थ.

आकार लोहकिसाकडून घ्या, बाण सुईकडून.

सुई जिथे गोंधळते ती जागा

तुमचा चुंबक उत्तर ध्रुव उत्तरेला करून ठेवलेला आहे. बाजूला, मध्यबिंदूच्या समोर, चुंबकाचा बाण दक्षिणेकडे असतो हे आपण पाहिलं. पृथ्वीचा बाण उत्तरेकडे. चुंबकापासून पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे सरकत गेलात की एका अंतरावर दोघे समान होतात आणि सुईला कुठलीच ओढ राहत नाही. टिचकी मारली की ती वेगवेगळ्या दिशांना थांबते. हा उदासीन बिंदू. चुंबक फिरवून उत्तर ध्रुव दक्षिणेकडे केला, तर हे बिंदू बाजूंवरून निघून चुंबकाच्या अक्षावर, दोन्ही टोकांच्या पलीकडे जातात.

या बिंदूवरून चुंबकाचा जोर मोजता येतो. चुंबकाच्या मध्यापासून बाजूला असलेल्या बिंदूपाशी क्षेत्र काढायचं, तर चुंबकीय आघूर्णाला (चुंबक किती जोरदार आहे हे सांगणारा आकडा, एकक अँपिअर चौरस मीटर) अंतराच्या घनाने भागा आणि उत्तराला एक कोटीने भागा. अंतर मीटरमध्ये घेतलं की क्षेत्र टेस्ला या एककात मिळतं; मायक्रोटेस्ला म्हणजे त्याचा दहा लाखावा भाग. अक्षावर तेवढ्याच अंतरावर क्षेत्र याच्या दुप्पट असतं. समजा चुंबकाचं आघूर्ण १ अँपिअर चौरस मीटर आहे आणि तुमच्या ठिकाणी पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक ३५ मायक्रोटेस्ला आहे. मग बाजूचे उदासीन बिंदू सुमारे १४ सेंटिमीटरवर आणि अक्षावरचे सुमारे १८ सेंटिमीटरवर येतील. ही सूत्रं अंतर चुंबकाच्या लांबीपेक्षा बरंच जास्त असताना नेमकी लागू पडतात, त्यामुळे १० सेंटिमीटरच्या पट्टीला थोडा फरक पडेल. पृथ्वीचं एकूण क्षेत्र ठिकाणानुसार साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं. त्यातला आडवा भागच होकायंत्राला वळवतो.

५५ अंशांची कसोटी

नकाशा बरोबर आला की नाही हे पडताळायला मला ही कसोटी फार आवडते. चकती चुंबक कडेवर उभा करा, म्हणजे त्याचा अक्ष कागदाला समांतर राहील. अक्ष पूर्व-पश्चिम ठेवा, उत्तर ध्रुवाची बाजू पूर्वेला. मध्यबिंदूपासून अक्षाशी ५५ अंशांचा कोन करणारी रेघ ईशान्येच्या बाजूला आखा आणि तिच्यावर सहा-सात सेंटिमीटरवर होकायंत्र ठेवा. सुई अक्षाला काटकोनात, थेट उत्तरेकडे रोखलेली दिसेल. त्याच रेघेवर आणखी दूर सरकलात तरी ती काटकोनातच राहील.

काटेकोर आकडा ५४.७ अंश आहे. चुंबकापासून पुरेसं दूर गेलं की बाणाची दिशा फक्त कोनावर ठरते, अंतरावर नाही. अंतराने केवळ जोर घटतो. बाण आणि मध्यबिंदूपासूनची रेघ यांच्यातल्या कोनाचा टॅन्जंट हा त्या रेघेच्या अक्षाशी असलेल्या कोनाच्या टॅन्जंटच्या निम्मा असतो. या एका नियमावरून सगळे बाण कागदावर गणिताने काढता येतात. अक्ष पूर्व-पश्चिम ठेवायला सांगितलं ते पृथ्वीमुळे. अपेक्षित बाणच उत्तरेकडे असल्यामुळे पृथ्वीचं क्षेत्र त्याच दिशेत मिळतं आणि सुईला बाजूला ओढत नाही.

दोन चुंबक, नाल आणि फोन

दोन विजातीय ध्रुव समोरासमोर आणले की बाण एकातून दुसऱ्यात सरळ जातात. दोन उत्तर ध्रुव समोरासमोर ठेवले तर दोन्हीकडून येणारे बाण मध्याशी बाजूंना वळतात आणि बरोबर मधे उदासीन बिंदू तयार होतो. दोन दक्षिण ध्रुव ठेवले तर आकार तोच, बाण सगळे आत येणारे. नालाकृती चुंबकात दोन टोकांमधल्या जागेत बाण जवळजवळ सरळ आणि समांतर, उत्तर टोकाकडून दक्षिण टोकाकडे.

कागद हा फक्त एक काप आहे. खऱ्या रेषा चुंबकाभोवती सगळ्या बाजूंनी आहेत, वर आणि खालीसुद्धा. होकायंत्राची सुई आडवीच फिरते, म्हणून वर-खालची दिशा तिला दाखवता येत नाही. फोनमध्ये तीन अक्षांवर क्षेत्र मोजणारा सेन्सर असतो. अँड्रॉइड फोन समोर धरला असता एक्स अक्ष पडद्याच्या उजवीकडे, वाय वरच्या कडेकडे आणि झेड पडद्यातून तुमच्याकडे. आकडा धन आला तर त्या अक्षाच्या दिशेने क्षेत्राचा घटक आहे, ऋण आला तर उलट. आधी चुंबक दूर ठेवून तिन्ही आकडे टिपा, मग चुंबक आणून पुन्हा टिपा आणि वजाबाकी करा. उरतं ते चुंबकाचं. फोन दोन्ही वेळा तसूभरही हलता कामा नये. नियोडिमियमचा चुंबक फोनला टेकवू नका, लांबूनच मोजा. सेन्सर अतिजोरदार क्षेत्रात खोटे आकडे देतो आणि नंतरही काही वेळ त्याचं गणित बिघडलेलं राहू शकतं.

शेवटची पायरी: छिद्रातला बाण

कंकणाकृती चुंबक कडेवर उभा करा, उत्तर ध्रुवाची सपाट बाजू उत्तरेकडे. होकायंत्र पुस्तकांच्या थरावर ठेवा, म्हणजे ते छिद्राच्या मध्याच्या उंचीवर येईल. दूरवरून सुरुवात करून अक्षावरून हळूहळू छिद्राकडे या.

लांब असताना सुई चुंबकापासून दूर, उत्तरेकडे रोखलेली असते. उत्तर ध्रुवासमोर असंच व्हायला हवं. मग एका जागी ती अस्वस्थ होते, डुलते, आणि आणखी जवळ गेलात की गर्रकन उलटी फिरून छिद्राकडे तोंड करते. कड्याचा बाहेरचा व्यास ८ आणि छिद्राचा ४ सेंटिमीटर असेल, तर ही पालटण्याची जागा कड्याच्या मध्यापासून सुमारे २ सेंटिमीटरवर येते. छिद्र पुरेसं मोठं असेल तर होकायंत्र आतपर्यंत न्या. तिथेही बाण दक्षिणेकडेच, उत्तर बाजूकडून दक्षिण बाजूकडे.

पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला वाटतं की नियम मोडला. आपण चुंबकाच्या मध्यभागी आहोत, मग बाण आतल्यासारखा दक्षिणेकडून उत्तरेकडे का नाही? कारण छिद्र म्हणजे चुंबकाचा आतला भाग नव्हे. तिथे हवा आहे. ते "बाहेर"च आहे. उत्तर बाजूच्या आतल्या कडेजवळून निघालेल्या रेषांना दक्षिण बाजूला जायला छिद्राची वाट जवळची पडते, बाहेरच्या कडेजवळच्या रेषा मोठा वळसा घालून जातात, आणि दोन्ही वाटा जिथे फुटतात तिथे, अक्षावर, सुई डुलते. कड्याच्या दक्षिण बाजूलाही असाच एक बिंदू आहे. तिकडून येताना सुई आधी चुंबकाकडे तोंड करून असेल आणि जवळ आल्यावर पाठ फिरवेल.